मोहाच्या झाडाखालचा पंचनामा

होळी झाली की आरमोरीच्या घरात माझं मन लागत नाही. धानाची वावरं मोकळी पडलेली असतात, नवरा ओसरीवर पेपर वाचत असतो, आणि मी स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत उगाच फिरत राहते. "बस नं वं एका जागी," तो म्हणतो. बसवत नाही. तिकडे माझ्या नोकरीच्या मुलखात, एटापल्लीच्या आतल्या रानात मोह पडायला लागला असेल, पहाटेच बायका टोपल्या घेऊन निघाल्या असतील, त्याच झाडांखाली अस्वलंही आली असतील आणि कुणीतरी कुत्री घेऊन डुकरामागं गेला असेल. फोन वाजला की अजून धावत जाऊन उचलते. बहुतेक वेळा तो विमावाल्याचा असतो.

वनखात्यात मी नाकेदारीण म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. नाकेदार म्हणजे वनरक्षक, आमच्याकडचा जुना शब्द. या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी 'वाघाचे थरारक अनुभव' द्या म्हटलं होतं. चंद्रपूरच्या वाघाला बघायला रोज इतक्या गाड्या जातात की त्याच्याबद्दल मी आणखी काय लिहिणार? माझी नोकरी अस्वलांच्या मुलखात गेली. अस्वलाला बघायला कुणी तिकीट काढत नाही, आणि तो भेटतो तेव्हा फुकट भेटतो.

बाहेरच्यांना वाटतं, वाघ जास्त घातकी. वाघाला माणूस टाळायचा असतो आणि आपण येतोय हे त्याला फर्लांगभर आधी कळतं. अस्वलाला कळतच नाही. नजर अधू, तोंड वारुळात खुपसलेलं, उधई, म्हणजे वाळवी, ओढताना स्वतःच्याच फुरफुरण्यात कान बंद. तुम्ही दहा पावलांवर आलात की तो दचकतो, आणि दचकला की पळायच्या आधी मारतो. मागच्या पायांवर उभा राहून थेट तोंडावर हात टाकतो. खायचं नसतं त्याला काही. फाडतो आणि निघून जातो.

आता शिकारीला जाणारा माणूस काय करतो? जंगलात एरवी जे करू नये ते सगळं. मोह वेचणारी बाई एकमेकींना हाका मारत जाते, लाकडं तोडणाऱ्याच्या कुऱ्हाडीचा आवाज होतो. शिकारी मुका चालतो, वाऱ्याच्या उलट चालतो, वाकून झुडपात शिरतो. घायाळ डुक्कर नेमकं त्याच जाळीत घुसतं जिथं दुपारी अस्वल निजतो. आणि सोबत कुत्रं असलं तर विचारूच नका. कुत्रं अस्वलावर भुंकतं, अस्वल उलटला की शेपूट घालून धन्याकडं पळतं, आणि त्याच्या मागोमाग अस्वल. लोक म्हणतात, कुत्रा राखण करतो. मी तरी कुत्र्याला पाहुणा घेऊन येतानाच पाहिलं आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतला एक किस्सा सांगते, कारण पुढचं सांगायला मला थोडा धीर हवा आहे. एका ठेकेदाराचा मुनीम, चांगला गोरागोमटा, पोट सुटलेला, उसनी बंदूक घेऊन सशाच्या शिकारीला आला. सकाळी गस्तीवर असताना मला झाडावरून आवाज आला, "बाई, ओ बाई!" वर पाहते तो मुनीमजी तेंदूच्या फांदीला मिठी मारून बसलेले. बंदूक खाली, एक चप्पल खाली, आणि थोड्या अंतरावर अस्वल निवांत वारूळ उकरत होता. मी आणि माझ्याबरोबरच्या वनमजुरानं डबा वाजवला, आरडाओरडा केला, तेव्हा तो कंटाळल्यासारखा निघून गेला.

"तुम्हाला अटक करावी लागेल," मी खालून म्हटलं.

"करा ना बाई! दोनदा करा! पन आधी मले खाली उतरवा."

त्याला उतरवायला अर्धा तास लागला. गुन्हा नोंदवताना त्यानं प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं. इतका सरळ आरोपी मला पुन्हा मिळाला नाही.

बाकीचे सगळे नाही म्हणायचे. त्याला कारण होतं. रानात मोह, तेंदू, सरपण आणायला गेलेल्या माणसाला जनावरानं मारलं तर सरकार मदत देतं. शिकारीला गेलेल्याला मदत नाही, वरून गुन्हा. त्यामुळे अस्वलानं फाडलेला प्रत्येक माणूस दवाखान्यात शुद्धीवर आला की आधी 'मोह' म्हणायचा. माझे बरेच सहकारी घरी बसूनच पंचनामा लिहायचे. मी जागेवर जायचे. रक्त कुठं सांडलं, माती कुठं उकरली, वारूळ कोणत्या बाजूला, सगळं पाहायचे. चैतू नावाच्या एका माडिया आदिवासी माणसाच्या थोरल्या भावाला अस्वलानं मांडीत फाडलं होतं. सरपणाला गेलो होतो म्हणाला. मी जागेवर गेले आणि दोन झाडांच्या मध्ये क्लचच्या तारेचा फासा सापडला. त्याला मदत मिळाली नाही. पाय पुरता बरा व्हायच्या आधी तो कोर्टाच्या तारखांना लंगडत जात होता.

तेव्हापासून त्या पट्ट्यात माझं नाव झालं. "थे बाई जागा पाहाते," लोक म्हणायचे. साहेबांनी बैठकीत कौतुक केलं. मला अभिमान वाटला, आता खोटं कशाला सांगू. खूप वाटला.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मोहाचेच दिवस. सकाळी सात-साडेसातला मी आणि आमचे वनमजूर शामरावभाऊ मोटरसायकलवर फेरीला निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात फोन आला. चैतू होता. भावाची केस झाल्यापासून तो माझ्याशी धड बोलायचा नाही, म्हणून नाव पाहूनच मी चमकले.

"म्याडम, लालसूले अस्वलानं फाडलं जी."

लालसू त्याच्याच गावचा, त्याचा जोडीदार. तिशीतला, हसरा माणूस. आदल्या उन्हाळ्यात वणवा विझवायला आमच्याबरोबर आला होता.

"कुठं?"

पलीकडं तो आधी कुणाशी तरी माडियात कुजबुजला. मग तो म्हणाला, "मोहाच्या रानात. मोह वेचाले गेलता."

"जिता आहे ना?"

"हाव. तुमी या लवकर."

मी गाडीसाठी फोन लावला. त्या गावाला गाडीरस्ता नाही. डांबरी रस्त्यावर एक फाटा आहे, तिथून नाला ओलांडून दीड कोस पायवाट. गाडीवाल्याला फाट्यावर थांबायला सांगितलं आणि आम्ही निघालो. तासाभराच्या वाटेनंतर रस्त्याच्या मोरीजवळची टेकडी लागते. तिथं शामरावभाऊ नेहमी थांबायला सांगतात, कारण पुढच्या पूर्ण पट्ट्यात मोबाईलला रेंज फक्त त्या टेकडीवर येते. त्या दिवशी थांबलो नाही. टेकडी ओलांडली, फाट्यावर मोटरसायकल टाकली आणि जवळजवळ पळतच आत गेलो.

गावाच्या पलीकडे मोहाचं रान आहे. मोह वेचायच्या आधी लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात. त्यामुळे खाली सगळी काळी राख होती. त्या राखेत एका मोठ्या मोहाच्या बुंध्याला टेकवून लालसूला बसवलं होतं. तोंडाला लुगड्याचा बोळा बांधलेला, तो रक्तानं भिजून कडक झालेला. त्याची बायको सोमारी त्याचं डोकं धरून बसली होती. चैतू आणि आणखी एक जण बाजूला उभे, दोघंही घामानं निथळत होते. शेजारी टोपली, टोपलीत मोहफुलं.

मी वाकले. लालसूचा एक डोळा दिसत होता, तो माझ्याकडं वळला. श्वास चालू होता, घरघर येत होती.

इथं जे झालं ते मला लिहायला जड जातं. माणूस मरायला टेकला होता आणि माझे डोळे जागा पाहत होते. सवय लागलेली. टोपलीतली फुलं तपकिरी, सुकलेली. ताजी फुलं फिकी पिवळी आणि रसाळ असतात, म्हणजे ही कालची. राखेत झटापटीची खूण नाही. रक्ताचे थेंब झाडाभोवतीच हवे होते, तर ते उत्तरेकडून झाडाकडे येत होते. लालसूच्या गुडघ्यांना राख नव्हती, लाल मुरूम लागलेला होता. धोतरात कुसळं भरलेली. हा माणूस इथं फाडला गेला नाही, हे मला मिनिटभरात कळलं आणि कळल्याचा आनंद झाला. हो, आनंद झाला.

"अस्वल कोणत्या बाजूनं आला?" मी चैतूला विचारलं.

"तिकडून."

"आणि तू कुठं होता?"

"मी... तिथी."

"टोपली कोणाची?"

चैतूनं सोमारीकडं पाहिलं. मी पुन्हा विचारलं. किती प्रश्न विचारले मला आठवत नाही. शामरावभाऊंनी माझा हात धरला. तीस वर्षांत त्यांनी कधी मला हात लावला नव्हता.

"म्याडम, पंचनामा मंग करा. मानूस पाहा पहिले."

लाज वाटून मी उठले. गावातून खाट आणली, बांबूला बांधली, आणि चौघांनी खांद्यावर घेतली. पुन्हा तीच दीड कोस वाट, तोच नाला. सोमारी खाटेला धरून चालत होती. ऊन चढलं होतं. मी पुढे पळत जायचे, मागे यायचे, पाणी द्यायचे, पुन्हा पुढे जायचे. वाट संपतच नव्हती. मनात एकच चाललं होतं, नाल्याच्या त्या चढावर खाट उतरवावी लागू नये. उतरवावी लागलीच. लालसू कण्हला तेव्हा मला बरं वाटलं, कारण मधे बराच वेळ त्याचा आवाज आला नव्हता.

फाट्यावर गाडी उभी होती. लालसूला मागं निजवलं, सोमारी आणि मी त्याच्याजवळ बसलो. चैतू पुढे ड्रायव्हरजवळ. शामरावभाऊ मोटरसायकल घेऊन मागून.

मोरीजवळची टेकडी आली. रस्त्याच्या कडेला एक तांबडं कुत्रं बसलं होतं. गाडी पाहून ते उठलं आणि भुंकत मागं धावू लागलं.

सोमारीनं काचेतून पाहिलं. "आमचं आहे," ती म्हणाली.

"तुमचं कुत्रं इतक्या दूर कसं आलं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं. लाल मुरूम याच टेकडीवर आहे. आसपासच्या रानात दुसरीकडं कुठंच नाही. कुसळाचं गवत, डुकरं बसतात ती जाळी, सगळं इथंच. आणि फोन! चैतूचा फोन आला तो इथूनच आला होता. गावात, मोहाच्या रानात, कुठंच फोन लागत नाही. हे मला सात वाजताच कळायला हवं होतं. माझी हुशारी तेव्हा कुठं गेली होती कोण जाणे.

"इथीच झालं का?" मी विचारलं.

चैतूनं मागं वळून पाहिलं नाही. सोमारीनंच सांगितलं. तिघं डुकरामागं होते. कुत्रं जाळीत घुसलं आणि अस्वल घेऊन बाहेर आलं. रस्ता तिथून हाकेवर होता. रोज सकाळी त्या रस्त्यानं दुधाची गाडी जाते, थांबवली असती तर थांबली असती. चैतूनं टेकडीवर चढून मला फोन केला, मग त्यानं आणि दुसऱ्यानं लालसूला पाठीवर घेतलं आणि रस्त्याकडं पाठ करून दोन तास जंगलातून चालत मोहाच्या रानात आणलं. एक जण पुढे पळत गावात गेला आणि सोमारीला म्हणाला, घरातली मोहाची टोपली घेऊन ये.

"रस्त्यावर काऊन नाई नेलं?" मी ओरडलेच. "इथी काऊन नाई ठेवलं त्याले?" रागात माझ्याही तोंडी घरची भाषा येते.

सोमारी माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते मला जास्त लागलं.

"तुमी जागा पाहाता ना, म्याडम," ती म्हणाली. "म्हून नेलं."

लालसू त्याच संध्याकाळी दवाखान्यात वारला. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं, थोडं आधी आणायला हवं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. मी बाहेरच्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. चैतू भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. पाण्याची बाटली दिली. त्यानं घेतली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा केला. त्याच मोहाच्या झाडाखाली. झाडापासून पावलं मोजली, टोपली लिहिली, मोहफुलं लिहिली, अस्वल पूर्वेकडून आला लिहिलं. पाच पंचांनी अंगठे आणि सह्या केल्या. सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. पूर्ण नोकरीतला तेवढा एकच कागद मी खोटा लिहिला. सोमारीला दोन लेकरं होती, आणि चैतूला तुरुंगात पाठवून लालसू परत येणार नव्हता. कागद वर गेला आणि मंजूर झाला. माझं नाव चांगलं असल्यामुळे कुणी जागा पाहायला आलंच नाही.

त्यानंतर मी गावोगाव सभा घेतल्या. मोहाच्या झाडाखाली, गोटुलात म्हणजे गावाच्या सामाईक घरात, बाजाराच्या दिवशी एटापल्लीत. एकच सांगत फिरले: अस्वलानं फाडलं तर आधी रस्ता. जिथं असाल तिथून सरळ डांबरी रस्ता. कुठं फाडलं, काय करत होता, हे मी विचारणार नाही. शिकार करू नका हेही सांगायचे, ते माझं काम होतं, आणि ते कुणी ऐकत नाही हेही मला माहीत होतं. लोक माना डोलवायचे. एकदा खरंच एका पोराला त्याच्या बापानं थेट रस्त्यावर आणलं. पोटरी फाटली होती. मी काहीच विचारलं नाही. पोरगा वाचला, आता ट्रॅक्टर चालवतो. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले, का ते नवऱ्याला सांगितलं नाही.

मग निवृत्ती आली. माझ्या जागी जे वनपाल आले ते तरुण, कामसू, फोनवर जागेचे फोटो काढणारे. चार्ज देताना मी त्यांना झाडांवर खुणा ठोकायचे हातोडे दिले, रजिस्टरं दिली, शिक्के दिले, आणि शेवटी ही गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, खोट्या पंचनाम्यासकट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. चांगला माणूस आहे, मला वाईट बोलायचं नाही.

"पण म्याडम," ते म्हणाले, "जागा पाहिल्याशिवाय मी सही कशी करू? उद्या चौकशी लागली तर? आणि शिकार सोडून दिली तर मग आपण कशाला आहोत?"

त्यांच्या वयात मीही हेच म्हटलं असतं. किंबहुना म्हटलंच होतं. मी बरंच समजावलं. ते हसले आणि म्हणाले, बघू.

दोन दिवसांनी मी निरोप घ्यायला लालसूच्या गावाला गेले. सोमारीनं लेकराला पाठवून सगळ्यांना बोलावलं. भूमिया, म्हणजे गावचा जुना कर्ता माणूस, खाटेवर बसला. माणसं, बायका खाली बसल्या. मी पुन्हा तेच सांगितलं, आधी रस्ता. चैतू मागं उभा होता. त्या सकाळनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच सर्वांसमोर बोलला.

"तुमी तं जाऊन राह्यल्या म्याडम. तुमच्या जागी जो आला, त्याले सांगतलं का हे?"

"सांगितलं."

"मंग तो काय म्हनला?"

सगळी माझ्याकडं पाहत होती. सोमारीही. खरं सांगितलं तर पुढच्या अस्वलाच्या वेळी माणूस पुन्हा पाठीवर बांधून मोहाच्या झाडाकडं नेला जाईल. खोटं सांगितलं तर माझ्या शब्दावर ते त्याला रस्त्यावर आणतील, तो वाचेल, आणि मग त्याच्या मागं गुन्हा लागेल, आणि ते म्हणतील, म्याडमनं फसवलं.

"हो म्हणाला," मी सांगितलं.

चैतू वळला आणि माझं ते वाक्य माडियात सगळ्यांना सांगू लागला.